फोरमनचं खरं वय

"मला विचाराल तर," हेडसर म्हणाले. त्यांना अजून कुणी विचारलं नव्हतं.

हॉस्पिटलातल्या नातेवाइकांच्या खोलीतल्या खुर्च्या एका लोखंडी पट्टीने जोडलेल्या होत्या. एक जण हलला की सगळी रांग हलायची. हेडसर सरसावून बसले तशी टोकाच्या खुर्चीत शालीआड बाळाला पाजत बसलेली सून हलली, आणि तोंडातलं सुटलं म्हणून बाळ रागावून ओरडलं. आठ महिन्यांच्या त्या जिवाला जे वाटलं ते लगेच ओरडून सांगता येत होतं. बाकीच्यांना एवढी सोय नव्हती.

"मला विचाराल तर त्याला सुखाने जाऊ द्यावं. डोकं उघडायचं, हाड काढायचं, आणि शेवटी हातात काय? अर्धा माणूस. सख्खा भाऊ आहे माझा. मला काय हौस आहे का असं बोलायची?"

"मोठे काका, डॉक्टर अजून आल्यासुद्धा नाहीत," लेक म्हणाली. "तुम्ही निकाल आधी लावता आणि पेपर मागाहून तपासता."

"चाळीस वर्षं पेपर तपासलेत मी. कुठल्या मुलाचं काय होणार ते पहिल्या पानावर कळतं."

सासूबाईंच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत नवऱ्याचे बूट होते. काल वॉर्डातल्या मुलीने ते त्यांच्या हातात दिले आणि कुठे ठेवायचे ते सांगितलं नाही, तेव्हापासून ते मांडीवरच होते.

काल दुपारी सासूबाई आणि सून दोघी मिळून बाळाला लस टोचायला गेल्या होत्या. रांग मोठी होती. परत यायला तीन तास लागले, आणि ते तीन तास सासरे, म्हणजे फोरमन, स्वयंपाकघरात पडून होते, डावा हात अंगाखाली, नळ वाहतोय. कारखाना सोडून चार वर्षं झाली तरी घरात, गल्लीत सगळे त्यांना फोरमनच म्हणायचे. बेचाळीस वर्षं काचेच्या भट्टीसमोर काढलेला माणूस. पडल्या जागेवरून वाकड्या तोंडाने एवढंच म्हणाले, "कप फुटला नाही." मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायची वेळ केव्हाच टळून गेली, असं इथे आल्यावर सांगितलं गेलं. तेव्हापासून सून मनात ती रांग मोजत होती. पुढे सात जणी होत्या. एकीला जरी म्हटलं असतं, मला आधी जाऊ द्या.

तिचा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनं सांभाळायचा, आणि जहाज कुठल्या तरी समुद्राच्या मधोमध होतं. निरोप गेला होता, उत्तर नव्हतं. त्यामुळे मुलाची खुर्ची तिच्या वाट्याला आली होती, मुलाचा शब्द मात्र नव्हता.

आणि एक गोष्ट ती कुणाला सांगू शकणार नव्हती. 'सुखाने जाऊ द्यावं' म्हटल्यावर तिच्या छातीतली एक गाठ सैल झाली होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं कुणाला करावं लागतं ते तिला ठाऊक होतं. तिच्या आईने केलं होतं, स्वतःच्या सासूचं, आणि त्या दिवसांत आईला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. सैल झालेल्या त्या गाठीची तिला इतकी लाज वाटली की तिने बाळाला आणखी जवळ ओढलं.

"या पोरीचा तरी विचार करा," हेडसर म्हणाले. "कडेवर एक, पलंगावर एक. हिच्या आयुष्याचं काय?"

"काका," सून म्हणाली, "माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नका."

ती या घरात आल्यापासून मोठ्या काकांना असं बोलली नव्हती. तिलाच नवल वाटलं. नणंदेने वळून तिच्याकडे पाहिलं, कौतुकाने की धसक्याने ते कळलं नाही, कारण तेवढ्यात दार उघडून डॉक्टर आल्या.

शल्यचिकित्सक बाई तिशीच्या पुढच्या असतील. डोक्यावर हिरवी टोपी, पायांत रबरी चपला. त्या बसल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"मी गोड बोलणार नाही. उजव्या मेंदूला रक्त नेणारी मोठी नळी बंद झाली आहे. मेलेला भाग सुजतोय. कवटी काही पसरत नाही, त्यामुळे सूज चांगल्या भागाला दाबतेय. उद्यापर्यंत ती श्वास चालवणाऱ्या भागाशी पोचेल. उजव्या बाजूचं हाड, एवढं," त्यांनी आपला तळहात स्वतःच्या कानाच्या वर डोक्याला लावून दाखवला, "काढून ठेवलं तर सुजेला जागा मिळते. हाड शीतपेटीत राहतं. काही महिन्यांनी परत बसवायचं."

"मग बरे होतील बाबा?" लेकीने विचारलं.

"नाही. मेलेलं परत येत नाही. डावा हात, डावा पाय गेले ते बहुधा गेलेच. ही शस्त्रक्रिया फक्त जीव वाचवते. केली नाही तर अशा दहा जणांतले सात तरी जातात. केली तर सहा-सात राहतात. पण साठीच्या वरचे जे राहतात, ते बहुतेक स्वतःच्या पायाने चालत नाहीत. अंघोळ, कपडे, शौच, प्रत्येक गोष्टीला माणूस लागतं. साठीच्या आतल्यांचं जरा बरं असतं. त्यांतले बरेच जण काठी घेऊन, कुणाचा हात धरून का होईना, चालतात. म्हणून साठीच्या वर आमचा विभाग ही शस्त्रक्रिया आपण होऊन करत नाही. विभागप्रमुखांची खास परवानगी लागते. ते ती क्वचित देतात."

"साठावा वाढदिवस झाला हे मेंदूला कुणी कळवतं का?" लेक म्हणाली.

"नाही कळवत. पण रेघ कुठेतरी ओढावी लागते."

"ओढणाऱ्याचं वय काय?"

"अठ्ठावन्न," डॉक्टर म्हणाल्या, आणि हातातल्या कागदाकडे पाहिलं. "यांचं चौसष्ट ना?"

"चौसष्ट," हेडसर म्हणाले.

सासूबाईंनी पिशवीवरची नजर उचलली आणि दिराकडे पाहिलं. सुनेला ती नजर दिसली, पण तिचा अर्थ लागला नाही.

"दोनच्या आत मला काय ते सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "परवानगी मागायची तर त्याच्या आत मागायला हवी. त्यानंतर मागून उपयोग नसेल."

*

चौसष्ट हा आकडा हेडसरांच्या तोंडून आपोआप आला होता. सेहेचाळीस वर्षं दोघा भावांच्या जन्मतारखेबद्दल कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. कागदोपत्री दोघांची तारीख एकच. "आमची आई एकाच दिवशी दोनदा बाळंत झाली," असं ते चारचौघांत म्हणायचे, लोक हसले की मग पुढची गोष्ट सांगायचे, डुलक्या काढणाऱ्या कारकुनाची, ज्याने थोरल्याची तारीख धाकट्याच्या दाखल्यावर उतरवली. ही गोष्ट त्यांनी इतक्या वेळा आणि इतकी छान सांगितली होती की तो कारकून त्यांना आता दिसायचा. मिशा होत्या त्याला.

कारकून नव्हताच. भट्टीत काच फुटून वडिलांचे डोळे गेले आणि कारखान्याने घरातल्या एका मुलाला जागा देऊ केली. अट एकच, अठरा पूर्ण हवीत. थोरल्याला अठरा पूर्ण होती. पण थोरल्याच्या हातात कॉलेजचं पत्र होतं. धाकटा तेरा वर्षांचा, अंगाने थोराड, आवाज नुकता फुटलेला. "तुझं अक्षर चांगलं आहे," वडील थोरल्याला म्हणाले होते. बस्स, एवढंच. आणि हेडसरांनी बसून नवा दाखला लिहिला होता. नाव धाकट्याचं, तारीख स्वतःची. शाईचा एक डाग पडू दिला नव्हता.

हॉस्पिटलच्या व्हरांड्याच्या टोकाला कॉफीचं यंत्र होतं. त्याचं बटण त्यांनी तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा मागून भावजयीचा आवाज आला.

"भाऊजी."

"मला साखर नको."

"मी कॉफी द्यायला नाही आले." तिच्या हातात अजून ती पिशवी होती. "तुम्ही सांगाल म्हणून मी आत गप्प बसले."

"काय सांगायचं?"

"यांचं वय."

यंत्राने नुसतं गरम पाणी सोडलं. हेडसरांनी ते ओतून टाकलं.

"त्याने सांगितलंय तुला?"

"लग्नाच्या पहिल्या वर्षी. म्हणाले, मला म्हातारा समजू नकोस, मी तुझ्याहून तीनच वर्षांनी मोठा आहे, आठ नाही." हे बोलताना ती जराशी हसली, आणि ते हसू हेडसरांना रागापेक्षा जास्त लागलं. "तुम्ही कारकुनाची गोष्ट सांगायचात तेव्हा मी चहा गाळत असायचे. सगळ्यांबरोबर हसायचेसुद्धा. घरच्या माणसाला उघडं पाडायचं नाही, असं यांनी बजावलं होतं."

"मग आताच कशाला?"

"आता ते बोलू शकत नाहीत म्हणून."

"हे बघ, पाच वर्षांनी काय मोठा फरक पडतो? बाई स्वतः म्हणाल्या, बरा होणार नाही. त्याचा स्वभाव तुला माहीत आहे. कुणी ताट उचललं तर चिडतो. असा माणूस दुसऱ्याच्या हातून अंघोळ करून घेईल?"

"ते नंतर बघू. आधी खरं वय सांगा."

"आणि त्याचं पेन्शन? खोट्या कागदावर नोकरी केली म्हणून थांबवलं तर?"

"थांबवू दे. जिवंत असले तर जाऊन भांडतील."

"लोक काय म्हणतील माझ्याबद्दल? जन्मभर मुलांना सांगितलं, खोटं लिहू नका."

"कुठले लोक? त्या खोलीत आपण चौघं आणि एक दात न आलेलं पोर." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बारा वाजलेत. मी एक वाजेपर्यंत थांबते. तुमचं तुम्ही सांगितलंत तर तुमची शोभा राहील. माझ्या तोंडून नको वाटतं मला."

ती गेली. हेडसर यंत्राशेजारच्या बाकावर बसले. साडेबारा झाले. त्यांना खरोखरच वाटत होतं की भावाने असं जगू नये. ही भावना खोटी नव्हती. ती खरी होती म्हणूनच तिच्या आडोशाला इतका वेळ बसून राहता आलं.

*

लेकीचं चष्म्यांचं दुकान होतं. कालपासून ते बंद होतं. बारा ते एक या वेळात तिने फोनवर सापडेल ते सगळं वाचलं, आणि वाचता वाचता तिची बाजू बदलली. मघापर्यंत ती ऑपरेशन कराच म्हणून भांडत होती. आता तिच्या डोळ्यांसमोर चाकाची खुर्ची होती, आणि त्या खुर्चीत मान कलती करून बसलेले बाबा. मोठे काका नेहमीप्रमाणे बरोबर होते. तिला शिकवलं कुणी? काकांनी. गणित, व्याकरण, सभेत कसं बोलायचं ते. बाबा पाळीवरून यायचे, जेवायचे, झोपायचे. शाळेच्या गोष्टी निघाल्या की म्हणायचे, "मला नव्हती बाबा शाळेची आवड."

ती आईला हे सांगायला वळली तेवढ्यात डॉक्टर आत आल्या. मागोमाग हेडसरही आले आणि आपल्या खुर्चीवर बसले. रांग हलली. एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

"ठरलं का काही?" डॉक्टरांनी विचारलं.

आई हेडसरांकडे पाहत होती. ते हातातल्या रिकाम्या कपाकडे. आईने बुटांची पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि उभी राहिली.

"यांचं वय चौसष्ट नाही. एकोणसाठ आहे. साठीला अजून चार महिने आहेत."

लेकीला वाटलं, जागरणाने आईचं डोकं चालत नाहीये. "आई, बस जरा. कार्ड मीच दिलं काल. चौसष्ट लिहिलंय त्यावर."

"कार्ड खोटं आहे."

"कारकुनाने चूक केली ती फार तर वर्षा-दीड वर्षाची, पाच वर्षांची नाही. हो ना, काका?"

तिच्या आठवणीत काका प्रश्नाला पहिल्यांदाच गप्प होते.

"भाऊजी, तुम्ही सांगता की मी सांगू?"

"अक्षर माझं आहे," हेडसर म्हणाले. "कारकून नव्हता. तो तेरा वर्षांचा होता. मी लिहिला दाखला."

बाळ शालीशी खेळत काहीतरी बडबडत होतं. लेकीने मनात वजाबाकी केली, पुन्हा केली, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेराच आलं. तिच्या दुकानात समोरच्या शाळेतली मुलं चष्म्याचा नंबर काढायला यायची. तेरा वर्षांची मुलं. खुर्चीवर बसली की पाय हलवत राहायची.

"तेरा," ती म्हणाली. "भट्टीसमोर."

"वडिलांनी..."

"आजोबांचं नाव घेऊ नका, त्यांना दिसतसुद्धा नव्हतं. तुम्हाला दिसत होतं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं शेजारी बसलेल्या वहिनीला वाटलं. "सातवीत तुम्ही मला निबंध लिहायला लावला होतात, काका. आठवतो? बालमजुरी, समाजावरचा कलंक. बाबा तिथेच पलीकडे झोपले होते, रात्रपाळी करून. मी हळू वाचते म्हणाले होते, तुम्ही म्हणालात, मोठ्याने वाच. नऊ मार्क दिले होतेत तुम्ही मला दहातले. एक कशाचा कापला होता?"

"शुद्धलेखनाचा," हेडसरांच्या तोंडून निघून गेलं.

सून हसली. तिला आवरता आलं नाही, हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने बाळाच्या टोपड्याने पुसलं.

"मला जरा बोलू द्या," डॉक्टर म्हणाल्या. "एकोणसाठ म्हणजे चाळीस नव्हे. खऱ्या चौसष्टच्या माणसापेक्षा त्यांची शक्यता थोडी बरी आहे, बस्स. त्यांना चाकाची खुर्ची लागू शकते. तुम्ही रागावला आहात म्हणून मी ती वाढवून सांगणार नाही."

"पण तुमच्या रेघेच्या अलीकडे येतात?" आईने विचारलं.

"येतात. मग परवानगीचा प्रश्न उरत नाही, तुमच्या होकाराचा उरतो. पण विभागप्रमुखांना कागदावरचं वय दिसतं. कुणीतरी खरं काय ते लिहून, सही करून द्यायला हवं."

"ह्यांच्याकडून घ्या," लेक म्हणाली. "ह्यांचं अक्षर चांगलं आहे."

हेडसरांनी खिशातून पेन काढलं. डॉक्टरांनी हातातल्या पुठ्ठ्यावरचा एक कोरा कागद ओढून दिला. आता सगळं मार्गी लागलं, अशी एक हालचाल खोलीत झाली, आणि सून त्या हालचालीच्या मध्ये उभी राहिली. बाळ कडेवर, शाल जमिनीवर.

"एक मिनिट. करायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही. काका नको म्हणत होते. ताई आधी हो म्हणत होती, आता मघापासून तिचं तोंड नको म्हणतंय, मला दिसतंय. मी..." ती थांबली. "मी काय म्हणत होते ते विचारू नका. पण आपण सकाळपासून इथे मत देतोय. फोरमनना कुणी विचारलंय का? तेराव्या वर्षी विचारलं नाही. आता पुन्हा आपणच बाहेर बसून ठरवायचं?"

लेकीने मान खाली घातली.

"ते झोपाळलेले आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "पण हाक मारली की डोळे उघडतात, सांगितलेलं करतात. त्यांच्या एकट्याच्या शब्दावर मला जाता येणार नाही, सही घरच्यांचीच लागेल. पण विचारा. तासाभराने विचारता येईलच असं नाही. एकालाच आत सोडते."

*

फोरमनची बायको पलंगाच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली तेव्हा तिथल्या परिचारकाने तिला हलकेच पलीकडे नेलं. "डावीकडचं त्यांना कळत नाही, मावशी. या बाजूने बोला."

मग ती उजवीकडे गेली. त्यांचं तोंड इकडेच वळलेलं होतं. भट्टीच्या धगीने चाळीस वर्षांत तांबूस झालेला गाल, आणि त्यावर आता दोन दिवसांची पांढरी खुंटं. ती खुंटं पाहून कुणीही चौसष्ट म्हटलं असतं. सत्तरसुद्धा म्हटलं असतं.

"अहो," ती म्हणाली. मग मोठ्याने, "अहो, डोळे उघडा."

उघडले. जड, पण तिच्यावर स्थिर.

तिने गोड बोलून सांगितलं नाही. तिला तसं जमायचंही नाही. सूज, हाड, चाकाची खुर्ची, अंघोळ, सगळं जसं ऐकलं तसं सांगितलं. मधेच त्यांचे डोळे मिटले, तिने खांद्याला हलवून पुन्हा उघडायला लावले.

"दादा... आलाय?" जीभ जड होती, पण शब्द कळत होते.

"आलेत. बाहेर बसून लिहून देतायत. तुमचं खरं वय."

उजव्या बाजूचा ओठ हलला. "तो?"

"मी सांगितलं. मग त्यांनी कबूल केलं. रागवायचं तर माझ्यावर रागवा."

ते रागावले नाहीत. बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. तिला वाटलं, गेली शुद्ध. मग उजवा हात चादरीवर सरकला आणि तिच्या बोटांना लागला.

"तू... काय म्हणतेस?"

कालपासून तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. सह्यांसाठी तिला शोधत होते, बूट तिच्या हातात देत होते, ती ऐकतेय असं धरून तिच्या डोक्यावरून बोलत होते. ज्याच्या डोक्यात सूज चढत होती त्याने विचारलं. तिने पलंगाची दांडी धरली.

"मला तुम्ही हवे आहात," ती म्हणाली. "पण माझ्याच्याने तुम्हाला उचलवणार नाही. हे आत्ताच सांगते. आणि पोरीच्या गळ्यात मी हे बांधणार नाही, तिला तिचं लेकरू आहे. उचलायला माणूस मी उभा करीन. ते माझ्यावर सोडा. तुम्हाला तसलं जगणं नको असेल तर नको म्हणा. मी बाहेर जाऊन नको सांगेन, आणि कुणाला एक शब्द बोलू देणार नाही."

यंत्राचे आकडे खालीवर होत होते. तिने आकड्यांकडे पाहिलं नाही.

"बोलता... येईल?"

तिने परिचारकाकडे पाहिलं. तो म्हणाला, "बोलणं बहुतेकांचं दुसऱ्या बाजूला असतं, मावशी. जीभ जड राहील, पण बोलतील. वाचले तर."

"येईल बोलता," तिने सांगितलं.

"मग कर." पुढचे शब्द यायला वेळ लागला. "बोलायचं... खूप राहिलंय. त्याच्याशी."

डोळे मिटले. या वेळी तिने हलवलं नाही.

बाहेर डॉक्टर दाराशीच उभ्या होत्या. तिने तिथेच, भिंतीवर कागद टेकवून सही केली. मेंदूज्वर, रक्तस्राव, मृत्यू असे शब्द छापलेले होते, ते डॉक्टरांनी एकेक करून वाचून दाखवले. प्रत्येक शब्दाला तिने मान हलवली. वयाचा कागद लगेच आत पाठवा, तोवर त्यांना नेऊन तयारी करते, असं सांगून डॉक्टर आत गेल्या.

खोलीत लेक आणि सून जवळजवळ बसल्या होत्या. बाळ आता लेकीच्या मांडीवर होतं. हेडसर दोन खुर्च्या सोडून, एकटे. त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. अर्धं पान. दोन ठिकाणी खोडलेलं, सही वाकडी.

"वाचून बघ."

"मला नका देऊ. डॉक्टरांना द्या. हो म्हणालेत ते."

लेकीने तोंडावर हात धरला. सुनेने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

"हो म्हणाला?" हेडसरांनी विचारलं. "तो? दुसऱ्याच्या हातून..."

"दुसऱ्याच्या नाही. तुमच्या. रोज सकाळी तुम्ही यायचं. अंघोळ घालायची, कूस बदलायची, खुर्चीत बसवायचं. शिकवतील इथे कसं उचलायचं ते. तुम्ही शिकवलंत जन्मभर, आता शिका."

"मी चौसष्ट वर्षांचा आहे."

"तुम्ही आहात. खरोखरचे."

ते काही बोलणार होते, पण लेक त्यांच्याकडे बघत होती. "आणि तो टेबलावरच गेला तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"तर तुम्ही सुटलात."

आतल्या बाजूने पलंगाची चाकं सरकल्याचा आवाज आला, दार आदळलं आणि आवाज लांब जात राहिला. चौघंही तो संपेपर्यंत ऐकत होती.

"किती दिवस यायचं?" हेडसर म्हणाले.

"पाच वर्षं."

त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग उठून दारापर्यंत गेले आणि मुठीवर हात ठेवून थांबले, वळले नाहीत.

"किती वाजता?"

"सहाला," ती म्हणाली. "यांची पाळी सहाला सुरू व्हायची."